‘खारबांध’मधील आवाजाबाबत

मी, कलावती दौलत फणसे, वय चौऱ्याहत्तर, राहणार नौपाडा, ठाणे. आरंभी तर्कशास्त्राची अध्यापिका, नंतर चित्रपटांतील अभिनेत्री आणि गेली चौतीस वर्षे दिग्दर्शिका. माझ्या पश्चात काय व्हावे हे स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नव्हती असे कोणाचे म्हणणे असल्यास ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर राहील. हे लिहिताना माझ्यावर दबाव नाही; दबावाचा एक प्रयत्न झाला, तो कलम चारमध्ये नमूद आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया असल्याने हे आजच लिहिणे भाग आहे. सर्व काही मुलाला देणारे माझे पूर्वीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

१. नौपाड्यातील राहते घर आणि बँकेतील ठेवी माझा एकुलता मुलगा सुदेश याला, विनाअट. माझे वकील विनीत राऊत यांचा सल्ला वेगळा होता. “बाई, घर अटीत अडकवा. मग ‘खारबांध’ पिक्चरच्या आवाजाला हात लावायची त्याची छाती होणार नाही.” मी तो मानला नाही. डोक्यावरचे छप्पर जाईल या भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे. तथापि सल्ला प्रामाणिक होता, म्हणून या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी त्यांनाच नेमते.

२. माझ्या शोकसभेत माझा पहिला चित्रपट दाखवू नये. एकोणीसशे एकोणऐंशी साली, माझा आवाज जाड आहे, नायिकेला शोभत नाही, असे दिग्दर्शकाने परस्पर ठरवले आणि दुसरीचा आवाज बसवला. मला ते कळले कल्याणच्या चित्रपटगृहात, आईच्या शेजारच्या खुर्चीत. मध्यंतरात आई कौतुकाने म्हणाली, “कलू, तुझा घसा किती छान सुटला गं!” मी तिचा समज कधीच दूर केला नाही. त्या भूमिकेसाठी मिळालेला चषक कपाटात आहे. ज्या बाईंचा तो आवाज, त्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा शोध घेऊन तो त्यांना द्यावा. त्यांचे नाव मला कोणीही सांगितले नाही. अर्धा चषक त्यांचा आहे. अर्धा करता येत नाही, म्हणून पूर्ण द्यावा.

३. डोंबिवलीच्या स्टुडिओतील माझा हेडफोन माझ्या संकलक नताशा मार्विन डाबरे यांना. त्याचे कारण असे. पहिल्या चित्रपटानंतर दहा वर्षे मी प्रत्येक करारात “आवाज माझाच राहील” हे वाक्य घालत असे. त्यापायी भूमिका गेल्या. एक निर्माते म्हणाले, “मास्तरीणबाई, सिनेमा करताय की खटला लढवताय?” पण करारात काहीही असो, डबिंगच्या खोलीत शेवटचा शब्द दिग्दर्शकाचाच असे. यावरून एकच निष्कर्ष निघत होता. अडतिसाव्या वर्षी मी अभिनय सोडला आणि चौथी सहायक म्हणून हातात क्लॅप घेतला. आदल्या वर्षी मला खुर्ची आणून देणारी मुले आता “ताई, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय” असे ओरडत. मी बाजूला होत असे. दोन वर्षांनी मी दिग्दर्शक झाले आणि तेव्हापासून डबिंगच्या खोलीत हेडफोन लावून शेवटचा शब्द मी देत आले; तो यापुढे नताशाने द्यावा.

४. ‘खारबांध’ हा माझा अखेरचा चित्रपट. ध्वनीचे अंतिम मिश्रण तेवढे बाकी आहे. प्रमुख भूमिका उत्तन गावच्या लुर्दस अँब्रोज मुरझेलो यांची आहे व त्या स्वतःच्या बोलीत बोलतात. आवाज बदलल्यास चित्रपट घेऊ, असे एका वाहिनीने कळवले. माझ्या चित्रपटांचा व्यवहार पाहणाऱ्या सुदेशने मला न सांगता स्टुडिओत दुसरी कलाकार नेली. नताशाचा फोन आला, “मॅडम, लगेच या. लुर्दसचा सीन लावलाय आणि माईकसमोर भलतीच उभी आहे.” तिने लुर्दसलाही कळवले होते. मी पोहोचले तेव्हा लुर्दस दारात उभी राहून बोलत होती.

“तोंड माजा नि बोलनार ती? मंग तोंडपन तिचाच घ्या ना!”

सुदेश माझ्याकडे वळला. “अगं आई, ती काय बोलते तेच चॅनलवाल्यांना कळत नाहीये.”

“कोणते वाक्य कळले नाही?”

“असं वाक्य-बिक्य नाही सांगितलं त्यांनी.”

“मग न कळल्याचा पुरावा काय?”

“हा तुझा वर्ग नाहीये, आई! पिक्चर डब्यात पडून राहिला, तर तुझा पुरावा बघायला कोण येणार आहे?” मग त्याने रेकॉर्डिस्टला हळूच सांगितले, “आज थांबू या. सोमवारनंतर बघू.”

सोमवारी काय आहे, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते. सुदेशला आपण काय बोललो ते उमगले असावे. तो माझ्याकडे न पाहता बाहेर गेला.

त्याचा पक्ष मी न्याय्यपणे मांडते. चित्रपट पाहिलाच गेला नाही, तर लुर्दसचा आवाजही कोणी ऐकणार नाही. हा युक्तिवाद दुबळा नाही. पण त्यातून एवढेच निष्पन्न होते की चित्रपट विकण्यासाठी अधिक खटपट करावी. लुर्दसला गप्प करावे, असे निष्पन्न होत नाही. सबब ‘खारबांध’चे सर्व हक्क मी नताशा डाबरे यांना देते. पडद्यावर खाली संवादांची अक्षरे देण्यास हरकत नाही. लुर्दसचा आवाज काढू नये. कोणीच घेतला नाही, तर उत्तनला पडदा बांधून दाखवावा.

५. दिग्दर्शक म्हणून माझा पहिला चित्रपट ‘कोपरची वाट’. त्याचे सर्व हक्क सुदेशला. त्यातील मुलाचे काम त्याने सातव्या वर्षी केले. तेव्हा तो अडखळत बोलत असे. निर्मात्यांनी डबिंगसाठी दुसरा मुलगा ठरवला होता. “बाई, पोरगं काय बोलतं ते लोकांना कळणार नाही,” हे त्यांचे शब्द. तसे केल्यास चित्रपटावरून माझे नाव काढा, असे मी सांगितले. सुदेशला हे आजवर माहीत नाही.

या देणगीलाही अट नाही. त्या मुलाचा आवाज बदलावासा वाटल्यास सुदेशने तो खुशाल बदलावा. आवाज त्याचा आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने, माझ्या स्वतःच्या आवाजात वाचून दाखवला आणि त्यानंतर सही केली. दोघांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

सही: कलावती दौलत फणसे

साक्षीदार:
१. डॉ. संचिता नयन गद्रे, नौपाडा, ठाणे
२. सखाराम बाळकृष्ण तांडेल, कोपर, डोंबिवली पश्चिम

ठिकाण: ठाणे
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५