फक्त तुझ्या मशीनवर चालतं

प्रिय मोजपट्टी,

'प्रिय' सवयीने पडलं, आता खोडत बसत नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनला आमच्या वर्कशॉपमधल्या जुनाट कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर माझं नाव उमटलं आणि त्या मिनिटापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझी ती कोडची लायब्ररी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, इन्स्टॉल करत होतो. तुझी म्हणे! पहिल्याच फाइलला कंपायलर अडून बसला आणि म्हणाला, 'होम' या मुख्य फोल्डरमधल्या 'भडकू' नावाच्या फोल्डरातली फाइल सापडत नाही. भडकू. हे नाव मला जगात एकाच माणसाने ठेवलं, आणि ते फोल्डर एकाच मशीनवर होतं, माझ्या लॅपटॉपवर, ज्याची बिजागरी तुटली होती आणि तू पडद्यामागे जाड पुस्तक उभं करून द्यायचीस. लेखकांच्या यादीत मात्र एकच नाव, तुझं. चोराने घर धुऊन न्यावं आणि दारावरची मालकाची पाटी तेवढी काढायची विसरावी, तसं ते दिसत होतं. मी खुर्ची मागे ढकलली ती वार्निशच्या डब्यावर. अजून फरशीवर डाग आहे.

कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मला कधीच बंद केलंस, आणि समोर आलो की मी ओरडतो हे आपल्या दोघांना पाठ आहे. आज अकरा वाजता विभागप्रमुखांच्या खोलीत तुझी चौकशी आहे. बुधवारी सकाळी आपल्या वर्गातल्या चष्मेवाल्याने फोन करून सगळं सांगितलं. कुणीतरी निनावी तक्रार केलीय, की ही लायब्ररी तू दुसऱ्याची उचलली आणि त्याचं नाव खोडलं. खरं ठरलं तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प रद्द, आणि त्या प्रकल्पावर मिळालेली नोकरीही गेली. तू पहिल्या नंबरवाल्यावर संशय घेतेयस म्हणे. आणि रडली नाहीस. ते मला सांगायला नको होतं, तू रडत नाहीस हे मला माहीत आहे, तू फक्त नाक ओढतेस आणि पुढच्या कामाला लागतेस. त्याचाच मला राग यायचा. असो. भोग म्हणावं आता, असं मी बुधवारभर म्हणत होतो, आणि मनात नाही, चांगलं मोठ्याने.

मी सध्या जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करतो, आतली तार नव्याने गुंडाळतो. हसू नकोस. तिसऱ्या वर्षात कॉलेजला लाथ मारून निघालो तेव्हा काही कंपन्या हार घेऊन उभ्या नव्हत्या. आमचे मिस्त्री इथे चाळीस वर्षांपासून आहेत. मोटर चालू करतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात, आतली कडा गेलीय की बाहेरची. पण आता त्यांचा उजवा कान जवळपास गेलाय आणि डावा मालकांच्या हाकेला मुद्दाम जातो. मालकांनी कुठेतरी वाचलं, आवाज ऐकून बेअरिंगचा बिघाड सांगणारी लायब्ररी आहे, आणि मला म्हणाले, तू कॉलेजात जाऊन आलायस ना अर्धवट, मग अर्धवट तरी उपयोग होऊ दे. लायब्ररीचं नाव ऐकलं आणि माझ्या हातातली तार सुटली.

रेडिमेड आवृत्ती आमच्या खटाऱ्यावर चढेना, म्हणून सोर्स आणला. मिस्त्री पाठीशी उभे राहून विचारायला लागले की हे काय चाललंय. म्हटलं, तयार सदरा आपल्या मापाचा नाही, म्हणून कापड आणलंय, इथेच शिवून घ्यायचं. कंपायलर म्हणजे शिंपी. त्यांनी पडदाभर लाल ओळी पाहिल्या आणि म्हणाले, शिंपी फार शिव्या देतो रे तुझा. एकशे सोळा चुका होत्या. मी तळापासून सुरुवात केली. तू शंभरदा सांगायचीस, सगळ्यात वरची पहिली चूक वाच, बाकीची तिची पिल्लं असतात. मुद्दाम नाही ऐकलं. मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारचा दिवस पिल्लं मारत बसलो, आणि दर वेळी तितकीच नवी निघाली. मिस्त्री डबा खाऊन, तोंड धुऊन, डुलकी काढून परत आले तरी मी तिथेच. म्हणाले, अरे बाबा, तू चूक शोधतोयस की कुणाचा तरी सूड घेतोयस?

बुधवारी संध्याकाळी झक मारत वरून वाचायला घेतलं. पहिली चूक ती फोल्डरची. दुसरी एका फाइलची, जी मी कधीतरी हाताने कॉपी करून ठेवली होती आणि बाकीच्या सामानात टाकायची राहून गेली. तिसरीत मी कंपायलरच्या नव्या आवृत्तीवर विसंबून एक आडवाट काढली होती, ती इथल्या म्हाताऱ्या कंपायलरला कळेना. मी पुढे पुढे जात होतो आणि वाट बघत होतो, की आता हिची चूक सापडेल, आता सापडेल. बावीस फायली आहेत त्यात. तीन माझ्या, एकोणीस तुझ्या. एकशे सोळाच्या एकशे सोळा चुका माझ्या तिघींमधून उगवलेल्या. तुझ्या एकोणीस फायली त्या खटाऱ्यावर एका दमात पार झाल्या, साधी कुरकूर नाही. तुला कल्पना आहे हे बघताना कसं वाटतं? ज्या बाईला मी चोर म्हणत होतो तिने माझ्या घरातून नेलं काय, तर तीन गळकी भांडी!

तरीही राग उतरला नव्हता, हे लिहून ठेव. भांडी गळकी असतील, पण माझी होती. ती आवाज भरून घ्यायची युक्ती माझी. हॉस्टेलच्या गच्चीवरचा पाण्याचा पंप, भर दुपार, तापलेलं सिमेंट, तू चपला काढून उभी राहिलीस आणि मग एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतीस, तरी माइक हलू दिला नाहीस. एकतीस वेळा भरला आपण तो आवाज. मी सतराव्याला म्हटलं, पुरे. तू म्हणालीस, सतरा ही काय संख्या आहे? त्या दिवशी मी तुला मोजपट्टी म्हटलं आणि तू मला भडकू. तेव्हा मला जे बोलायचं होतं ते बोलायला पंप बंद व्हायची वाट बघत राहिलो. पंप बंद झाला तेव्हा तू खाली निघून गेली होतीस.

काल सकाळी लायब्ररी उभी राहिली. चाचणीसाठी तिने नमुन्याचा आवाज वाजवला. तोच पंप. आणि चौथ्या सेकंदाला तू हसतेस. तू, जी आवाजातला एक खट्ट ठेवत नाहीस, ते हसणं कापलंच नाहीस. मिस्त्रींनी डावा कान स्पीकरला लावला आणि म्हणाले, बाहेरची कडा गेलीय, आणि ही पोरगी कोण? मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाले, तुझ्या 'कुणी नाही'चा आवाज छान आहे.

मग मला पुरावा हवा होता. नाव नक्की कधी खोडलंस, कुठल्या तारखेला, कुणाच्या भरवशावर. म्हणून बदलांचा सगळा इतिहास उतरवून घेतला. प्रत्येक बदलामागे एक ओळ लिहून ठेवायची, ही शिस्त तूच लावलेली. सापडली ती नोंद. मी कॉलेज सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. 'लेखकांतून एक नाव कमी केलं. त्याच्या सांगण्यावरून. मला मान्य नाही.' एवढंच.

हो, म्हणालो होतो मी. प्रयोगशाळेच्या सरांशी वाजलं, तू म्हणालीस जरा गप्प बस, आणि मी जिन्यात सगळ्यांसमोर ओरडलो की माझं नाव काढून टाक, मला तुझ्या उपकारात राहायचं नाही. पण रागात बोललेलं कुणी असं शब्दशः धरतं? चार दिवस थांबायचं होतंस! भांडायचं होतंस! दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी केलंस तू ते. माझा चहासुद्धा झाला नव्हता. दीड वर्ष मी लोकांना सांगत फिरलो की तिने मला खोडलं, आणि सांगून सांगून मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मिस्त्रींना सगळं सांगावं लागलं, कारण मी दुपारभर एकच गुंडाळी उलटी गुंडाळत होतो. ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुझ्या फोल्डरचा पत्ता सांगणारी कोडमधली ओळ चुकीची, ते फोल्डर तिच्याकडे नाही, मग तिच्या मशीनवर हे चालतं कसं? मी म्हटलं, चालणारच नाही. तसं फोल्डर तिने स्वतः बनवून, त्यात ती फाइल ठेवल्याशिवाय... आणि थांबलो. मिस्त्री म्हणाले, म्हणजे तिच्या घरात तुझ्या नावाची खोली आहे म्हण की.

मोजपट्टी, हा शुद्ध मूर्खपणा आहे. एक ओळ बदलायची होती. तू एकोणीस फायलींत एक जागा वाकडी ठेवत नाहीस आणि माझ्या तिघींना दीड वर्षात बोट लावलं नाहीस. ती ओळ सुधारण्याऐवजी माझ्या नावाचं फोल्डर करून बसलीस, आणि मग सगळ्या जगाला म्हणालीस की चालतं. फक्त तुझ्या मशीनवर चालतं! काम असं करतात का? नाव काढायला सांगितलं तर काढलंस, मग हे ठेवायला कुणी सांगितलं होतं? मी कधीपासून हे वाक्य लिहितोय आणि दर वेळी मला त्यात तुझ्यावर ओरडायचंय, आणि ओरडणं पुढे सरकत नाही.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते. तक्रार मी केली. मंगळवारी तीन चाळीसला, पडद्याचा फोटो काढून, खाली नाव न घालता. दहा मिनिटं झाली होती मला ते फोल्डर दिसून, तेवढ्यात मी तुझं शेवटचं वर्ष पेटवून दिलं. पहिल्या नंबरवाला निर्दोष आहे, त्याला बिचाऱ्याला सोड. मालकांकडून आजचा अर्धा दिवस मागून घेतलाय. अकराच्या आधी त्या खोलीबाहेर तुझ्या हातात हे देईन, म्हणजे आत मी तोंड उघडेन तेव्हा तुला पहिल्यांदा कळतंय असं व्हायला नको. त्या इतिहासाची छापील प्रत घेतलीय, एकोणीस आणि तीनचा हिशोबही. नाव मीच काढायला लावलं आणि खोटा आरोपही मीच केला, असं सही करून देणार आहे. त्यांनी माझं जे करायचं ते करू दे. तू मध्ये पडून मला सांभाळून घेऊ नकोस, मला ते सहन होणार नाही. आणि त्यांनी तुझं मशीन बघायला मागितलं, तरी ते एक फोल्डर दाखवू नकोस. ते त्यांच्या कामाचं नाही. बाकी मला जे म्हणायचं आहे ते या कागदावर लिहिणार नाही, इथे ते माफीसारखं दिसेल आणि तू ते कीव येऊन वाचशील. शिव्या द्यायच्या असतील तर जिन्यात दे, सगळ्यांसमोर, माझी तयारी आहे. बसची वेळ झाली. दोनदा उठून पुन्हा बसलो, म्हणून या शेवटच्या ओळी बाहेर येऊन, दार ओढून, कुलूप घालून, भिंतीवर कागद टेकवून लिहितोय.

तुझाच,
भडकू