मंगळवारी मारत नाही

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

कंबरेचा पार भुगा! नाशिक रोडहून अंधारात निघायचं, वणीला चहा ढोसायचा, सुरगाण्याला उतरून जीपमध्ये स्वतःला कोंबायचं, आणि शेवटी चिखल तुडवत पाड्यावर. कशासाठी? तर पाड्यावरच्या आईबापांना पोरं कशी वाढवायची ते शिकवणारा एक वर्ग चालतो, तो बरा चालतो का ते तपासायला. शिकवणारी वेगळी, शिकणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींना मार्क देणारी मी. मूल्यमापन म्हणतात याला. आई म्हणायची, कामात कमी पण खोड काढण्यात पुढे. त्याचीच नोकरी लागली मला!

वर्गाचं नाव ‘सुजाण पालक’. दर मंगळवारी, समाजमंदिरात. आईबाप म्हणायचं, प्रत्यक्षात बाप एकही नाही. शिकवायला सुवर्णा. मखमलाबादकडच्या फूलवाल्यांची मुलगी, आवाज असा की डोंगरावरची गुरं माघारी फिरतील. आवडली मला. पण वर्ग चालवणाऱ्या संस्थेने तिला दिलेली ती चित्रं! एकात बाबा सोफ्यावर बसून मुलीला गोष्ट वाचून दाखवताहेत. एक बाई म्हणाली, “ह्या बाप्याला कामधंदा नाय का?” दुसऱ्यात फ्रिजवर तक्ता — मूल शहाण्यासारखं वागलं की त्यावर एक चांदणी चिकटवायची. पाड्यावर फ्रिज कुठला? मग चांदण्यांचं करायचं काय? बायकांनी टिकल्या म्हणून कपाळाला लावल्या! अख्खा वर्ग चमकत होता.

सुवर्णा म्हणाली, राग आला की दहापर्यंत मोजायचं, मग बोलायचं. भिमाबाई म्हणून एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे बसते. ती म्हणाली, “दहा होईस्तोवर पोरगं नदीपार जातं. मंग मारू कोनाला?”

मी हसून हसून बेजार. तपासणीच्या कागदावर मात्र लिहिलं — ‘सहभाग उत्तम’.

३ सप्टेंबर

माझ्या पिंकीने मोबाईलवरून दार आपटलं. चौदा वर्षांची घोडी! मी शांतपणे दहापर्यंत मोजलं. मग ओरडले.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मजा झाली. मजा म्हणजे — काय म्हणू, बोंब झाली.

वर्ग सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, संस्थेची दोन पोरं येऊन सगळ्या बायकांना प्रश्न विचारून गेली होती. त्यातला मुख्य प्रश्न — मुलाला मारता का? सगळ्यांचं उत्तर ‘कधीच नाही’. झाडून सगळ्यांचं! आता वर्गाला तीन महिने होत आले, तेच प्रश्न मी पुन्हा विचारायचे आणि फरक काढायचा. इतकं सोपं काम.

पहिली नवसाबाई. भिमाबाईची सून. पंचविशीची असेल, राजू नावाचा सहा वर्षांचा मुलगा. मारता का? म्हणाली, “मारते ना. रोज.”

“अहो, जूनमध्ये तर कधीच नाही म्हणालात!”

“तवा तुझी मानसं पांढऱ्या गाडीतून आलती. गळ्यात पट्टे. आमाला वाटलं, पोरं उचलून न्यायला आले. कोन सांगंल खरं?”

“आणि आता?”

“आता सुवर्णाताईनं सांगितलंय, पोरांसमोर खोटं बोलायचं नाय. पोरं तेच शिकतात.”

पाठोपाठ सगळ्याच खरं बोलल्या. फोक, चप्पल, कालथा — हाताला येईल ते. कोणी लाजत बोललं, कोणी जरा तोऱ्यात. इथे सगळ्या मला अगंतुगं करतात, तेही मला फार बरं वाटतं. मी भराभर खुणा करत होते. जूनला सगळं शून्य, सप्टेंबरला ‘नेहमी’, ‘नेहमी’, ‘नेहमी’!

उठताना नवसाबाई म्हणाली, “मंगळवारचं नाय मारत पन.”

का? तर मंगळवारी वर्ग असतो. “नवरा पितो. सासू टोचते. जीव नुसता उकळतो, ताई. हितं आले का सगळं बोलून टाकते. ह्या बाया हसतात, मी पन हसते. मंग घरी गेल्यावर हात उठतच नाय. बुधवारी पुन्ना सुरू.”

“मी टोचते तर तू काय गप बसतीस व्हय?” भिमाबाई मागून ओरडली. सासूसुना एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर!

परतीच्या जीपमध्ये कागद पुन्हा उघडला. मंगळवारी मारत नाही, हे कुठल्या रकान्यात भरू?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेखर सरांसमोर आकडे मांडले. शेखर सर म्हणजे या वर्गाला पैसे देणाऱ्या कंपनीचे. एसी इतका की मी पदर गुंडाळून बसले होते. पडद्यावर दोन खांब. वर्गाआधीचा खांब दिसतच नाही, वर्गानंतरचा गगनाला!

सर उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, “म्हणजे मॅडम, आपल्या कोर्समुळे बायका मारायला शिकल्या?”

मी समजावलं. सर, त्या आधीही मारतच होत्या, तेव्हा घाबरून खोटं बोलल्या. आता खरं बोलताहेत, म्हणजे विश्वास बसला. उलट हेच वर्गाचं यश आहे. नवसाबाईचा मंगळवारही सांगितला. तर म्हणाले, “विश्वास ग्राफमध्ये दिसत नाही, मॅडम. हाच आकडा वर बोर्डाकडे गेला तर दिवाळीनंतर वर्ग बंद. तुम्ही पुन्हा एकदा विचारून या. नीट विचारा.”

नीट विचारा म्हणे! मला सगळं कळतं, नीट म्हणजे काय ते. सरांचा एकुलता मुलगा चौथीपासून हॉस्टेलला आहे, टेबलावर त्याचा फोटो ठेवलाय. हे पालकत्वावर बोलणार! खाली येऊन दोन कटिंग चहा प्यायले तेव्हा कुठे डोकं थंड झालं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गेले. जाताना ठरवलं होतं की आडून सुचवायचं. तिथे गेल्यावर आडूनबिडून काही जमेना, सरळ सांगून टाकलं — बायांनो, वर्ग चालू राहायला हवा असेल तर ‘कधीच नाही’ म्हणा. नाहीतर दिवाळीनंतर बंद.

सुवर्णा माझ्याकडे बघायलाच तयार नाही.

भिमाबाईने तोंड उघडलं. “ही शिकवती खोटं बोलू नको. तू शिकवतीस खोटं बोल. आदी तुमचं ठरवा ना, मंग आमाला शिकवा!”

काय फटका हाणला म्हातारीने! हसले मी, पण कान गरम झाले.

नवसाबाई हसली नाही. म्हणाली, “एक दिस तरी कमी झालाय ना? तेवढं लिव्ह. खरं हाय ते.” मी कागद दाखवला. तीनच चौकोन — कधीच नाही, कधीतरी, नेहमी. तिला वाचता येत नाही, पण चौकोन बघून तिला काय ते समजलं. मग तिने राजूला ओढून जवळ घेतलं आणि त्याच्या कानामागचा वण मला दाखवला. “हा बुधवारचा,” म्हणाली. राजूला गुदगुल्या होत होत्या, तो खिदळत होता. “वर्ग बंद झाला तर माझा मंगळवार पन जाईल, ताई.”

एकीनेही उत्तर बदललं नाही. वर्ग इतका चांगला झालाय की त्यापायीच बंद पडणार! डोकं आपटावंसं वाटलं. आणि सांगते, रडूही आलं, जीपमध्ये, कोंबडी मांडीवर घेतलेल्या एका अनोळखी बाईच्या शेजारी.

१८ सप्टेंबर

सरांना लांबलचक लिहून पाठवलं. एका दिवसाची किंमत वगैरे. चांगलं जमलं होतं. उत्तर एका ओळीचं — बोर्डाला गोष्ट नको, आकडा हवा.

घाला तो आकडा चुलीत!

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल नवरात्र बसलं. वणीकडच्या सगळ्या गाड्या गडाच्या गर्दीने भरलेल्या, त्यामुळे पाडा राहिला. घरीच अहवाल उघडून बसले. पिंकी खांद्यावरून डोकावली. सगळं ऐकून घेतलं — आजकाल एवढंही नशीब — आणि म्हणाली, “मग शून्य टाक ना आई. कोण जातंय तिथे बघायला?”

हिला कोणी वाढवलं देव जाणे.

२४ सप्टेंबर

टाकलं शून्य.

‘नेहमी’ पुसून ‘कधीच नाही’ केलं. एकेकीचं. जूनच्या शून्याशेजारी सप्टेंबरचं शून्य शोभेना, म्हणून जूनचे सगळे ‘नेहमी’ केले. जून खोटा होता, तो खरा केला. सप्टेंबर खरा होता, तो खोटा केला. फिट्टंफाट! त्या बायकांनी खोटं बोलायला नकार दिला, मग त्यांच्या वाट्याचं मी बोलले. पाप लागायचं तर लागो मला. नवसाबाईचा मंगळवार वाचला.

सुवर्णाला सांगितलं नाही. तिला ते चाललं नसतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

टपावर बसायची वेळ आली होती, पण पोचले. म्हटलं, काळजी करू नका, वर्ग चालू राहील. कसा, ते कोणी विचारलं नाही. सुवर्णाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चित्रांची गुंडाळी सोडायला लागली.

नवसाबाईने घरी नेलं. नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा, डोळ्यांतून पाणी. राजू दारात मातीचा बैल करत होता. भाकरी उलटवता उलटवता ती म्हणाली, “तुज्या सायबाला सांग ना, शुक्रवारचा पन वर्ग घ्या म्हनावं. मी शुक्रवारचं पन नाय मारनार.”

“त्यानं काय होतंय?” भिमाबाई कोपऱ्यातून. “दोन दिस मी गप बसू व्हय?”

“बस की!”

दोघी हसल्या. मी तिसरी भाकरी घेतली. सांगते म्हटलं, नक्की सांगते. आठवड्यातून दोन दिवस! मूल्यमापन गेलं खड्ड्यात, इतका आनंद मला पिंकी पहिली आली तेव्हाही झाला नव्हता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शेखर सरांचा फोन. आनंदाने ओरडतच होते. “अभिनंदन मॅडम! बोर्ड खूश आहे. पाड्यावर मारहाण शून्य! म्हणजे तिथली गरज संपली. दिवाळीनंतर वर्ग दुसऱ्या तालुक्यात हलवतोय. सुवर्णालाही तिकडेच.”

मी म्हटलं, सर, तो आकडा — आणि थांबले. आकडा खोटा म्हणावा तर वर्ग बंद. खरा म्हणावा तरी बंद.

उद्या पाड्यावर जायचंय. नवसाबाई शुक्रवारचं विचारेल.