गाळलेली पावलं

२ नोव्हेंबर

आले एकदाची. जीपवाल्यानं मुरबाडपासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत मला सुपातल्या तांदळासारखी पाखडत आणली, पण अख्खी आणली. माझी नात संघरत्ना इथं दोन खोल्यांत एकटी राहते आणि एक यंत्र सांभाळते. आता ती आजीलाही सांभाळणार, असं तिला वाटतं. खरं म्हणजे गावात मला भांडायला कुणी उरलं नव्हतं.

मी गोजाबाई. अक्षरांशी माझी ओळख नाय. म्हणून रत्नानं फोन गळ्यात अडकवलाय. लाल खूण दाबायची, बोलायचं, तो लिहितो. तारीखही तोच घालतो. कुरकुर करत नाय. नवऱ्याहून बरा.

५ नोव्हेंबर

रत्नाचं काम भाकरी थापता थापता समजून घेतलं. आभाळात पार लांब दोन काळे, जड गोळे एकमेकांभोवती फिरतात. मी म्हटलं, फुगडी गो! ती म्हणाली, अगदी तशीच. जवळ येतात तसा वेग वाढतो, आणि शेवटी दोघांचा एकच होतो. त्याचा हादरा इथवर येईतो इतका बारीक होतो, की त्यापुढं माझी शिंक म्हणजे भूकंप. परदेशात तो दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा सापडला, आता शेकड्यांनी सापडतात. आपलं मोठं यंत्र मराठवाड्यात उभं राहतंय. इथलं त्याच्यासाठी शिकाऊ कामाला. जमिनीचे फालतू हादरे ओळखायचे नि गाळायचे: ट्रक, म्हशी, माणसांची पावलं.

असंच दुसरं यंत्र शहापुरात आहे, रत्नाच्या कामावरच्या महेंद्रच्या परसात. एकाच जागी ऐकू आलं तर खोटं, दोन्ही जागी एकदम आलं तर खरं, हा यांचा नियम. आमच्या गावात एकीनं ऐकलं तरी पुरतं.

९ नोव्हेंबर

आवारात अनोळखी पाऊल पडलं की भोंगा वाजतो. मी परसाकडला निघाले की सगळ्या रानाला कळतं. म्हणून आज रत्नानं मला सकाळभर अंगणात चालवलं. उजवा पाय ओढत, उजव्या हातातली काठी टेकत. यंत्रानं माझी चाल पाठ केली. आता तशी चाल आली की ते सोडून देणार. रत्ना म्हणाली, आजी, आता तू त्याला दिसत नाहीस. मी म्हटलं, म्हातारी तशीही कुणाला दिसते?

डिसेंबरात साहेब येणार. नोंद स्वच्छ निघाली तर पोरीची नोकरी पक्की.

१७ नोव्हेंबर

रत्नानं विचारलं, दुपारी ओढ्याकडं कशाला गेलीस? मी गेले नव्हते. दमा उसळला होता, खाटेवर बसून होते. यंत्र जे गाळतं त्या ढिगात माझी पावलं आहेत म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या यंत्राला म्हातारचळ लागला. हसलो दोघी.

२१ नोव्हेंबर

घराच्या चहूबाजूंनी गवत तुडवलंय. गोल. गोलाच्या कडेनं काठीची भोकं. मी काठी उजवीकडं टेकते. भोकं डावीकडं आहेत.

भुताखेतांना आमच्या घरात जागा नाय. माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला त्या दिवशी त्यांना वेशीबाहेर घातलं. म्हणून मी घाबरणार नाय. नुसतं सांगून ठेवते.

२६ नोव्हेंबर

आत आणखी एक गोल. लहान. पावलं जवळ जवळ पडलेली, घाईची.

रत्नाला हाताला धरून दाखवलं. म्हटलं, माझी चाल गाळणं बंद कर, भोंगा वाजू दे. ती रडकुंडीला आली. साहेब येईपर्यंत काही बदलता येत नाय, आणि आजी, तूच फिरतेस नि विसरतेस. असं म्हणून मला पाणी दिलं. वेडीला देतात तसं.

१ डिसेंबर

तिसरा गोल भिंतीला लागून. उद्या शहापुरात मोतीबिंदूचं ऑपरेशन, निघायचं आजच. जायचं नाय म्हटलं, पाया पडायची बाकी ठेवली. रत्नानं तरी महेंद्रच्या मोटारसायकलवर बसवलं. पोरगी एकटी राहिली. एकटीच का, की— ते बोलवत नाय.

३ डिसेंबर

महेंद्रच्या घरी. एका डोळ्याला पट्टी. सकाळी परसात चार पावलं चालले. महेंद्रच्या पडद्यावर माझी चाल उमटली. मग त्यानं सिद्धगडाचा गाळलेला ढीग उघडला. तिथंही तीच चाल. त्याच घटकेला.

दोन्ही जागी एकदम. म्हणजे खरं.

मी महेंद्रला रत्नाला फोन लावायला लावला, आजी इथं आहे सांग म्हटलं. ती हसली. म्हणाली, महेंद्रदादा, चेष्टा पुरे, आजी तर कालच परत आली. चुलीपुढं बसलीय.

मी म्हटलं, तिला दे फोन.

पलीकडून श्वास आला. माझाच, दम्याचा, शेवटी शिट्टी वाजणारा.

नंतर फोन लागेना.

३ डिसेंबर, दुपार

महेंद्रच्या मागं बसलेय. किन्हवली गाव मागं पडलं. त्याला म्हणते, पळव रे, माझ्या हाडांचं नको बघू. डोळ्यातून पाणी येतंय, पट्टीमुळं असेल. पोरीनं खाल्लं असेल का तिच्या हातचं. काय खाल्लं असेल—

रत्ने, ती भाकरी कुठल्या हातानं थापते ते बघ गो. मी उजव्या हातानं—

३ डिसेंबर

गाडी रस्त्यात आडवी झाली. महेंद्रचा पाय मोडला. त्याला झाडाखाली बसवून मी निघाले. घर दिसतंय. दार लावलेलं.

काठीनं गेले तर यंत्र मला गाळणार. काठी फेकली. रांगत जाते. ही चाल त्याला पाठ नाय—

वाजला. वाजला भोंगा!

दार उघडलं. रत्ना. जिवंत आहे. माझी बाय.

ती माझ्याकडं बघतेय, आणि ओळखत नाय. आत वळून हाक मारतेय, आजी, कुणीतरी बाई आलीय बघ—

आतून काठी. टक. टक. डाव्या—

माझंच लुगडं. माझीच पट्टी. दुसऱ्या डोळ्याला.

रत्नाच्या खांद्यावर हात ठेवलाय तिनं. नको. पोरीला नको. इकडं बघ, भवाने. मी आहे ना. मी इथं आहे.

बघितलं तिनं. काठी टाकली. दोन्ही हात पुढं केले, फुगडीला करतात तसे.

धरते मी. मी धरलं म्हणजे तिचे हात मोकळे राहणार नाय. रत्ने, आजीला सोडून पळ. रस्त्याला महेंद्र आहे. मागं बघू नको, मागं कुणीही हाक मारली, माझ्या आवाजात मारली तरी—

गार आहेत हात. फिरतोय. पळ गो— जवळ— तिचा श्वास नि माझा, एकच शिट्टी— रत्ने, पळ—