मोहनाची भूक

शहाड, १९९३

नाव ठेवायचं राहून गेलेल्या माझ्या लेकीस,

तू आणि मोहना जुळ्या. तू गुबगुबीत होतीस, पण रडलीच नाहीस. ती मुठीएवढी, तरी जगली. तुझ्याबद्दल आम्ही तिला कधीच सांगितलं नाही.

आता ती नऊ वर्षांची आहे. अंग सुटलंय, मान काळवंडलीय. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "जन्मतः फार लहान असलेल्या मुलांना पुढे असा त्रास होऊ शकतो. शरीरात आतून सूज आहे, साखर वाढतेय. खाणं आवरा."

काल मी तिच्यापुढचा भात उचलला. ती शांतपणे म्हणाली, "आई, माझं जेवून झालंय. हा तिचा आहे."

मी भात परत खाली ठेवला.

बाळा, भूक लागली तर माझ्याकडे ये गं. तिला सोड.

तुझी आई,
सगुणा