मोरबीचा भुकेला बाप्पा

मोरबी, गणपती विसर्जनानंतर

तरीपण रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या त्या हॉलमध्ये, माईक हातात धरून, एवढ्या कलाकारांसमोर तू तसं बोलायला नको होतंस गो आत्या! हे मी तुला फोनवर सांगितलं, तुझ्या पिंकीच्या फोनवर सांगितलं, वडखळच्या कान्हू ड्रायव्हरबरोबर निरोप धाडून सांगितलं. आता कागदावर सांगतो, कारण कागद कट करता येत नाही. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तू "ठेव, दूध उतू जातंय" म्हणतेस. आपल्याकडे दूध पिशवीचं, तेही चहापुरतं. ते सारखं सारखं उतू जातं तरी कसं?

(नमस्कार राहिला. तर तीर्थरूप शकूआत्याच्या पायांवर जगनचं डोकं. तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला गेला का? पिंकीच्या नवीन चपला टिकल्या का? इकडे मी खुशाल आहे. कुठे खुशाल आहे आणि कुठे नाही ते खाली सविस्तर येईलच.)

मला माहीत आहे, तुझे हात आता पुढच्या सीझनच्या मातीत असणार, म्हणून हे पत्र पिंकी मोठ्याने वाचणार आणि आपल्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यातल्या सगळ्या बाया मान खाली घालून कान वर करून ऐकणार. ऐकू देत. नवीन आलेल्या बायांना काही माहीत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. (पिंकी, सावकाश वाच. उतारावर सायकल सोडल्यासारखं नको.)

तर बायांनो, गेल्या माघात पेण-रोह्याच्या कलाकारांचा मेळावा झाला. दुकानांचे बोर्ड रंगवणारे विष्णुकाका होते, फ्लेक्स आल्यापासून ते टेम्पोच्या मागे फक्त नंबर रंगवतात, पण रंगवतात असे की पोलीस गाडी अडवतो आणि दंड करायचं विसरून आकडेच बघत बसतो. अष्टमीची रांगोळीवाली ऋतुजा होती, तिच्या रांगोळीतल्या मोराच्या मानेवर प्रमुख पाहुणे बूट घालून उभे राहिले. बँजोवाले होते, भजनीबुवा होते, आणि एक कवी होते, ते दोन मिनिटं मागून घेऊन गेले ती परत केलीच नाहीत. अशा सगळ्यांत आमच्या शकूआत्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. मागच्या रांगेतून मी शिटी मारली, ती सगळ्यांत मोठी होती, विचारा कोणालाही. मग सूत्रसंचालकाने विचारलं, "शकूताई, गणपतीचे डोळे काढावेत तर तुम्हीच. तुमच्यानंतर कोण?" माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण गेलं. आत्याने माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, "तो बघा माझा भाचा, जगन. उंदीर बरा करतो." आणि थांबली. तिथेच थांबायचं ना बाई! पण नाही. "डोळ्यांना मात्र याला बसवणार नाय. हा गप बसला तर बाप्पाच उठून विचारील, काय झालं रे बाबा?"

हॉल हसला. प्रमुख पाहुणे हसले. ऋतुजा तोंडावर हात ठेवून हसली, आणि हाताला रांगोळी होती म्हणून तिला हिरव्या मिशा आल्या, तरी कोणी तिच्याकडे बघेना, सगळे माझ्याकडे. बँजोवाल्याने तर वरून एक तुकडा वाजवला! त्याच आठवड्यात मी टाइल्स आणायला निघालेल्या कान्हूच्या रिकाम्या ट्रकमध्ये चढलो आणि गुजरातेत मोरबीला उतरलो. लोक समजतात पैशासाठी गेला. मी बँजोच्या त्या तुकड्यासाठी गेलो.

इकडे मी टाइल्सच्या कंपनीत आहे. काम असं, की पट्ट्यावरून टाइल्स येतात, कोपरा फुटलेली दिसली की उचलायची. बस्स. ना नाक, ना सोंड, ना कोणी "जगन, पीतांबर वाळला का बघ" म्हणून ओरडतं. सगळ्या टाइल्सचं तोंड सारखं आणि एकीलाही तोंड नाही. माझ्या खोलीत ओडिशाचा सुदाम आणि बिहारचा मुन्ना. दोघे चांगले आहेत. मी झोपेतही बोलतो, त्याला ते झोपेतच "हां भाई, हां भाई" करतात.

आता मुख्य भानगड. आमचे सुपरवायझर रमणीकभाई एके दिवशी हजेरीसाठी आधार कार्ड तपासत होते. माझ्या कार्डावर बोट ठेवून म्हणाले, "पेण? गणपतीवाला पेण?" मी "हां" म्हटलं. पुढे "पण मी त्यातले फक्त उंदीर करतो" हे सांगायला तोंड उघडलं होतं गो, शप्पथ उघडलं होतं, पण त्यांनी त्यात पेढा घातला. आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की यंदा कॉलनीत गणपती बसणार आणि मूर्ती आपला पेणवाला करणार. पेढा गिळून होईपर्यंत टाळ्यासुद्धा वाजून गेल्या.

या लोकांना कसं सांगणार की आपल्याकडे एकाने एकच काम? एक ओततो, एक घासतो, एक अंगाचा रंग मारतो, एक दागिने करतो, आणि सगळ्यांच्या शेवटी तू. त्यांना वाटतं पेणचं माणूस म्हणजे माती दाखवली की गणपती बाहेर. मी आठवी सोडली तेव्हापासून उंदीर केले. हजारो केले. डोळे झाकून उंदीर करीन. पण उंदराच्या वरचं मी कधी काही केलंच नव्हतं.

तरी केलं! मातीला इथे तोटा नाही. सवयीने आधी उंदीर केला आणि तो असा देखणा झाला की कॉलनीतली पोरं त्यालाच नमस्कार करून जायला लागली. मग बाप्पा. पोट जमलं, पोट जमतंच. सोंड पडली. परत लावली, परत पडली. शेवटी सुदामने ती तळहातावर धरली आणि वाळेपर्यंत तसाच बसून राहिला, एका हाताने जेवला, एका हाताने बायकोशी फोनवर भांडला. अंगाचा रंग मुन्नाने मारला, त्याने गावी ट्रॅक्टर रंगवलेत, त्यामुळे बाप्पाला चकाकी भरपूर आली. राहिले डोळे.

आत्या, तेव्हा मला तुझा नियम आठवला. डोळ्यांच्या आखणीच्या दिवशी अंघोळ केल्यापासून दुसरा डोळा पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या वेळी आपल्या कारखान्यात रेडिओ बंद, मिक्सर बंद, कुकरलासुद्धा तू शिटी देऊ देत नाहीस. म्हटलं, आपण पण नियमाने करू. आत्याला कळेल. स्थापनेच्या आदल्या दिवशी अंघोळ केली आणि गप्प झालो.

झालं! मुन्नाने चहा विचारला, मी गप्प. सुदामने विचारलं तब्येत कशी, मी गप्प. मी हाताने माझे डोळे दाखवले, मग ब्रश धरल्यासारखं केलं, म्हणजे मला डोळे काढायचेत. त्यांना वाटलं डोळ्यांपासून हातापर्यंत वारं गेलं. मुन्ना रडायला लागला, "बोल भाई, कुछ तो बोल, गाली दे!" (पिंकी, हे वाचून हसू नको, प्रसंग गंभीर होता.) रमणीकभाईंना बोलावलं. मला स्कूटरवर दोघांच्या मध्ये कोंबून दवाखान्यात नेलं. मी बोललो असतो तर पाच मिनिटांत सुटलो असतो, पण मनात म्हटलं, जगन, अष्टमीचा हॉल आठव. डॉक्टरने घशात बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, गप्प. टाळ्या वाजवून बघितल्या, गप्प. मग त्याने सुई काढली. आत्या, मी माणूस आहे. सुई कमरेत शिरली आणि मी जो "आई गंऽऽ" ओरडलो, की डॉक्टरने सगळ्यांकडे बघून फी सांगितली आणि पेशंट बरा झाला म्हणून जाहीर केलं. रमणीकभाईंनी दवाखान्यात पेढे वाटले. एकदा मोडलं ते मोडलंच, मग सगळी उरलेली बडबड करत, कंबर धरून, एका पायावर उभा राहून मी बाप्पाचे डोळे काढले.

काढून झाल्यावर मागे सरकून बघितलं, तर काय! मी उंदराचे डोळे काढले होते!

म्हणजे बघ, तू काढतेस तेव्हा बाहुली वरच्या पापणीखाली जराशी बुडते आणि नजर समोरच्या माणसावर शांत उतरते. माझ्या हाताला ते माहीतच नाही. माझ्या हाताला माहीत आहे काळा गोल टपोरा मणी, वर पांढरा ठिपका, आणि नजर सरळ लाडवावर. तेच झालं. एवढं मोठं पोट, एवढे मोठे कान, सोन्याचा मुकुट, आणि डोळ्यांत भाव असा की, "ते काय आणलंस? दाखव." पुसून परत काढायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर परत काढले असते तरी उंदराचेच आले असते.

त्यात मखर कुठे, तर मेसच्या खिडकीसमोर. आता आमच्या मेसचा आचारी, इकडे त्याला महाराज म्हणतात, त्याला डाळीत डाळ घालायला जिवावर येतं. पहिल्या दिवशी त्याने डाव उचलला, सहज समोर बघितलं, आणि डाव परत खाली बुडवला. तळापर्यंत! पातेलं हलवून घट्ट डाळ काढली. म्हणतो, "वो देख रहे हैं." दुसऱ्या दिवशी भाजीत बटाटे दिसले. तिसऱ्या दिवशी चपातीला तूप! लोक ताट घेऊन मुद्दाम बाप्पाच्या नजरेसमोरून जायचे आणि महाराज घाम पुसत वाढायचा. डबा उघडून कोणी एकटं खाईना, बाप्पा बघतो म्हणून आधी त्याला दाखवायचं, मग शेजाऱ्याला द्यायचं. रमणीकभाईंची म्हातारी आई, आम्ही सगळे तिला बा म्हणतो, दर्शनाला आली. बाप्पाकडे बघितलं, कंबरेवर हात ठेवले आणि आम्हालाच झापलं, "अरे, आ तो भूख्या छे!" म्हणजे हा तर उपाशी आहे! आणि घरी जाऊन डबाभर ठेपले घेऊन आली. रोज आली. दीड दिवसाचा गणपती होता, लोकांनी पाच दिवसांचा केला, मग हट्ट करून दहा दिवसांचा. विसर्जनाला मुन्ना रडला, सुदाम रडला, महाराजही रडला, पण त्याचं कारण वेगळं असावं.

आता रमणीकभाई म्हणतात पुढच्या वर्षी पण हाच बाप्पा, हेच डोळे. बाजूच्या दोन कंपन्यांनी पण विचारलंय. माझ्या कलेची एवढी कदर पेणमध्ये कधी झाली नाही, हे तू सगळ्या बायांसमोर मान्य कर. विष्णुकाकांना सांग, त्या कवींना सांग, बँजोवाल्याला तर मुद्दाम सांग.

बाकी ठीक. मामांना नमस्कार, बायांना नमस्कार, पिंकीला एक टप्पल.

तुझा भाचा,
जगन (मूर्तिकार, मोरबी)

ता. क. मला हमरापूरची अजिबात आठवण येत नाही. कोणी विचारलं तर असंच सांग.

आणखी ता. क. पिंकी, आता मोठ्याने वाचणं बंद कर आणि कागद आत्याच्या हातात दे. हात मातीचे असले तरी दे.

आत्या, एक गोष्ट वर लिहिली नाही. दहा दिवस लोक हसले, पोटभर जेवले, मला खांद्यावर घेऊन नाचले. पण मूर्तीसमोर येऊन कोणी गप्प झालं नाही गो. आपल्याकडे तू दुसरा डोळा पुरा करून ब्रश खाली ठेवतेस तेव्हा शाळेची पोरंसुद्धा दारात थांबतात, एकमेकांना "श्श" करतात. मी दहा दिवस वाट बघितली, एक तरी माणूस तसा थांबेल म्हणून. बा थांबली होती, पण ती ठेपले मोजत होती. मला हेच डोळे जन्मभर काढायचे नाहीत. मला तुझ्या शेजारी बसायचंय, डोळ्यांना. तू एक डोळा काढ, मी बघतो. वर्षभर नुसता बघतो. गप्प बसायचा सरावही चालू केलाय, खोलीवाल्यांना सांगून ठेवलंय की दवाखान्यात नेऊ नका. काल चहापासून नाश्त्यापर्यंत बोललो नाही. (नाश्ता चहाबरोबरच असतो, पण तरी.)

शेवटचं ता. क. तू नाय म्हणशील हे मला माहीत आहे, म्हणून गिऱ्हाइकासारखा येतोय. आगाऊ बयाणा घेतला की ती मूर्ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाय, मग मुंबईचा शेठ का येईना, हे तूच सगळ्या कारखान्याला शिकवलंस. तर तुझ्या डाव्या हाताचा, खिडकीजवळचा बसायचा पाट, पुढच्या सीझनला, जगनच्या नावाने. चिठ्ठी लावून ठेव. बयाणा कान्हूबरोबर रोख पाठवतोय, परत घेणार नाय: पाचशे एक रुपये.