पावसाचा आळ माझ्या नावे

मी, लिंबाजी धोंडीबा गोडगे, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी तेल-इंजिनांची दुरुस्ती, हल्ली खाटेवर पडून राहणे, राहणार मौजे हिवरमाळ, तालुका परांडा, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणाचा दाब नाही, धाक नाही, नशापाणी नाही. पोटात गाठ आहे, हे बार्शीच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आहे. डोकं शाबूत आहे. ते बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असं या उन्हाळ्यात पुष्कळदा वाटलं. माझं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाला वकिलानं हसू नये, मतलब समजून घ्यावा.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वारस एकच, मुलगा गुलाब. पत्नी बनाबाई चौऱ्याऐंशी साली वारली. पुढचं तिला काही पाहावं लागलं नाही, एवढं एक तिच्या नशिबी चांगलं आलं.

कलम १. गावठाणातलं दोन खणांचं माळवदाचं घर माझ्या पश्चात सून कमलबाई हिच्या एकटीच्या नावे व्हावं. गुलाबानं तिथं राहावं, खावं, झोपावं, पण घर विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अख्त्यार तिचा. गहाण म्हणजे काय ते मी भोगलं आहे. हे घर सोडवायला माझी दोन्ही इंजिनं विकावी लागली.

कलम २. माळावरची साडेचार एकर जिराईत जमीन, विहिरीसकट, गुलाबाला. विहिरीवर पाडलेल्या मनोऱ्याच्या चार लोखंडी पायांचे बुंधे सिमेंटात तसेच उभे आहेत. ते काढायच्या भानगडीत पडू नये, माझ्या हातचं सिमेंट आहे, निघणार नाही.

कलम ३. हिवरमाळ पवन पाणीपुरवठा सहकारी संस्थेतले माझे शेअर गावातल्या भिमाबाई नरुटे हिला द्यावेत. संस्था बुडाली, शेअरच्या कागदात आता कुणी शेंगासुद्धा बांधून देणार नाही. तरी द्यावेत, कारण पहिला शेअर या बाईनं घेतला, तोही दुभती शेळी विकून.

ब्याऐंशी साली आमच्याकडे विजेचे खांब आले होते, तारा आल्या नव्हत्या. डिझेल परांड्याहून कॅनमधून आणायचं, तेही मिळालं तर. इंजिन किती पितं हे जन्मभर इंजिनं खोलणाऱ्याला कुणी सांगायला नको. आणि आमच्या माळावर वारा असा, की डोक्यावरचा पटका धरून चालावं लागतं. सोलापूरकडे एका सरकारी मळ्यात मी पवनचक्की पाहिली. लोखंडी मनोरा, वर पात्यांचं चाक, चाकाचा दांडा खाली विहिरीतल्या पंपाला. वारं आलं की पाणी वर. मी तिथं दुपारभर उन्हात बसून राहिलो. घरी आलो आणि अकरा घरं गोळा करून संस्था काढली.

बँकेचे साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "मिस्त्री, इंजिनाला कर्ज देतो, कारण हप्ता थकला तर इंजिन उचलून आणता येतं. वारा कसा जप्त करायचा?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो, आणि घराचा उतारा त्यांच्या टेबलावर ठेवला. सरकारी अनुदान येणार होतं, ते आलं, अर्धंच आलं, आणि तेही चाक उभं राहून वरीस उलटल्यावर.

चाक उभं राहिलं त्या दिवशी सोनारीच्या भैरवनाथाला नारळ दिला. पुढची दोन वर्षं मात्र विसरता येत नाहीत. अकरा घरांना पिण्याचं पाणी, परड्यात मेथी, भिमाबाईचा लसूण तर परांड्याच्या बाजारात नावानं विकला जायचा. आजूबाजूच्या गावांहून लोक बघायला यायचे. मला वाटलं होतं, दहा वर्षांत या माळावर अशी शंभर चाकं फिरतील. वाटलं होतं खरं.

कलम ४. शंकरप्पा किराणावाले यांस माझ्याकडचं काहीही देऊ नये. मयतीला त्यांनी यावं, मागं उभं राहावं.

पंच्याऐंशीला पाऊस नाही. शहाऐंशीला नाही. सत्त्याऐंशीला मृगात दोन सरी आल्या, लोकांनी पेरलं आणि पेरलेलं जळालं. ढग मात्र यायचे. पश्चिमेकडून काळेभोर यायचे, त्यांच्यापुढं वारं सुटायचं, चाक गरगर फिरायला लागायचं आणि ढग माळावरून पुढं निघून जायचे. सगळं गाव हे डोळ्यांनी बघत होतं. पारावर शंकरप्पानं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, परांड्याच्या तहसील कचेरीत छताला पंखा आहे, तो फिरला की टेबलावरचे कागद उडतात. मग एवढा थोरला पंखा ढगाला उडवणार नाही का?

गावानं फिरणारी पाती तेवढीच पाहिलेली. झालं, त्या दिवसापासून चाकाचा पंखा झाला. पंखा विजेवर फिरतो आणि वारा करतो, चाक वाऱ्यावर फिरतं आणि पाणी काढतं, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. लोक माना हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी चाकाकडे बघून थुंकायचे. विहिरीच्या तळाला जे काही उरलं होतं ते तेच चाक वर काढत होतं, आणि थुंकणारेच घागरी घेऊन खाली उभे असायचे. चाक बांधून ठेव म्हणाले. मग प्यायचं काय, असं विचारलं की घागर उचलून घराकडे निघायचे. शंकरप्पा लबाडीनं बोलला असता तर मी त्याला उघडा पाडला असता. पण त्या माणसाला खरंच तसं वाटत होतं. त्याचाच मला जास्त राग येतो.

कलम ५. हत्यारांची पेटी गुलाबाला, फक्त तिच्यातला सगळ्यात मोठा पाना काढून श्रीपती गुरुजींनी आपल्या घरी न्यावा. श्रीपती सरवदे, आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर, संस्थेचे चिटणीस. तो पाना गुलाबाच्या नजरेला पुन्हा पडू नये. कारण सांगतो.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर घरात दाणा नव्हता. कमलबाईला पाचवा महिना होता. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम निघालं. मी नको म्हणालो. ती नको म्हणाली. गुलाब म्हणाला, सगळ्यांच्या बायका जातात. ती गेली, आणि खडीच्या ढिगाऱ्याशीच तिचं पोट पडलं. मुलगा होता.

त्यानंतर गुलाबाचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. माळावर जायचा आणि चाकाकडे तोंड करून बसायचा. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये त्यानं माझ्या पेटीतून तो पाना नेला, मनोऱ्याच्या पायाचे बोल्ट स्वतःच्या हातानं काढले, आणि गावानं दोर लावून चाक पाडलं. मी आडवा गेलो नाही. त्याचं तोंड बघितलं आणि बाजूला झालो.

चौथ्या दिवशी पाऊस आला. साधा नाही, नाले फुटेपर्यंत आला. गावात गूळ वाटला. गुलाब चिंब भिजून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, बघितलंत? आता तरी कबूल करा." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. सहा वर्षं ज्या गोष्टीसाठी भांडलो ती चार दिवसांत खोटी पडली, आणि विहीर काठोकाठ भरली तेव्हा पाणी काढायला वर काही उरलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून पोरगं जेवायला लागलं. बायकोशी बोलायला लागलं. पोर कुणामुळं गेलं, याचं त्याला उत्तर मिळालं होतं. ते चाकामुळं गेलं, म्हणजे माझ्यामुळं.

कलम ६. हे कलम श्रीपती गुरुजी आणि कमलबाई यांच्यापुरतं आहे.

यंदा आषाढ संपत आला. चाक जमिनीवर पडलं आहे, त्याची पाती भंगारवाल्याला द्यायला माझं मन झालं नाही म्हणून माझ्या खाटेखाली आहेत, आणि ढग पूर्वीसारखेच येतात आणि पूर्वीसारखेच निघून जातात. मी खरा होतो हे आता आभाळच सांगतंय. हे दोन वर्षांपूर्वी घडलं असतं तर मी पारावर जाऊन नाचलो असतो. आज खाटेवर पडून पावसाची वाट बघतो, की मी खोटा पडावा. पाऊस येत नाही. गुलाब दारात उभा राहून वर बघतो, मग माझ्याकडे बघतो. परवापासून त्यानं भाकरी अर्धी सोडायला सुरुवात केली आहे.

काल कमलबाई पायाशी बसली. म्हणाली, "मामंजी, पाऊस चाकानं गेला न्हाय, ह्ये मला पयल्यापासनं ठावं हाय. पण ह्यास्नी तसं वाटाया लागलं, तर मला खडीवर कुनी धाडलं ह्येच उरंल. मग ह्ये ऱ्हायचे न्हाईत." ज्या बाईचं पोर गेलं तिनं हे सांगावं! मी गुरुजींना बोलावणं धाडलं.

गुरुजींशी मी बोललो. त्यांना ते पटलं नाही. मरणाच्या दारात खोटं लिहिलंत तर या तालुक्यात उद्या कुणी पुन्हा चाक उभं करणार नाही, लोक म्हणतील, ज्यानं उभं केलं त्यानंच कबुली दिली, असं ते म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. माझ्या जन्मात एवढं एकच काम माझ्या हातून धड झालं, आणि त्याच्यावर मीच माती लोटतोय, हे मला कळतं. रडू येतं, लपवत नाही. पण चाकं पुन्हा कुठंतरी कुणीतरी उभारील किंवा नाही उभारणार. मला पोरगं एकच आहे.

गुलाबाला वाचता येत नाही. माझ्या दहाव्याला, सगळ्या गावासमोर, गुरुजींनी फक्त खालचं कलम सात मोठ्यानं वाचावं. बाकी कागद कमलबाईच्या ट्रंकेत राहील. तिला सातवीपर्यंतची शाळा आहे, तिनं वाचला तरी चालेल. पाऊस त्याआधी आला तरीही वाचावं. त्याच्या पुढच्या वर्षाचा काय भरवसा?

कलम ७. गुलाब, लेका, ऐक. ह्ये म्या शुद्धीवर लिवलंय. गाव खरं बोलत हुतं. पाऊस माझ्या चाकानं घालवला. मला ते कळलं हुतं, तरी म्या हट्ट सोडला न्हाय, आन तू कबूल करा म्हनलास तवा भिंतीकडं तोंड केलं. तू चाक पाडलंस ते ब्येस केलंस. यंदा पाऊस लांबला तो बी माझ्यामुळंच, पाती म्या खाटेखाली ठिवून घेतली. ती भंगारात घाल. कमलला खडीवर दुष्काळानं धाडलं, आन दुष्काळ म्या आनला. पोर माझ्यामुळं गेलं. त्यात तुझं काय बी न्हाय.

सही: लिंबाजी धोंडीबा गोडगे

साक्षीदार:
१. श्रीपती गणपत सरवदे, निवृत्त शिक्षक, हिवरमाळ. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. कलम सात वाचण्याचे मी कबूल केले आहे.
२. भिमाबाई बिराप्पा नरुटे, हिवरमाळ. डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम हिवरमाळ, तारीख २७ जुलै १९८९. आभाळ कोरडे.