माशी आणि लाल ठिपका

मी, श्यामला विश्राम करंबेळकर, वय बहात्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार कालगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जन्मभर लोकांची शुद्ध घालवण्याचे काम केल्यामुळे शुद्धीत असणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. राग मात्र आहे, आणि तो का आहे ते पुढे कलमवार येईल. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते, विशेषतः मागचे. त्यात माझा मुलगा मिहिर याच्याबद्दल बरेच चांगले लिहिले होते.

१. माझी मुलगी सावनी, राहणार ग्लेन वेव्हर्ली, हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. ती भांडण मिटवण्यात तरबेज आहे. येथे तिने काहीही मिटवू नये, फक्त लिहिल्याप्रमाणे करावे.

२. घर सावनीला. तिला ते नको आहे, हे मला माहीत आहे. 'आई, त्या धुळीत कोण राहणार?' असे ती दर नाताळात म्हणते. विकायचे तर विकावे, पण मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याला विकत घेणाऱ्याने पाणी घालावे, असे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्यावे. बँकेत जे असेल ते दोघा मुलांना सारखे. रागाच्या भरात हिशेब वाकडा करायची माझी रीत नाही. पुरणयंत्र माझी मैत्रीण चित्रलेखा हिला. तिला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते, पण पुरणयंत्र घेणाऱ्या बाईला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलाने सांगितले. तिने पुरणयंत्र निवडले.

३. माझे कैलासवासी पती विश्राम यांची हत्यारे, म्हणजे कानशी, पटाशी, हातोड्या आणि गॅरेजमधला व्हाइस, गावातल्या मेन्स शेडला द्यावीत. तिथे निवृत्त म्हातारे जमून काहीबाही बनवत असतात. मिहिरला यातली एकही कानस देऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

४. आता पिस्तूल. ते बावीस कॅलिबरचे, क्लबात नेमबाजीला वापरायचे, साधारण मिहिरच्याच वयाचे आहे. चार वर्षांपूर्वी विश्राम गेला, तेव्हापासून परवान्यावर माझे आणि मिहिरचे नाव आहे. नळीच्या टोकाकडे नेम धरण्यासाठी जो छोटा खुंट असतो, त्याला विश्राम माशी म्हणायचा. पुण्यात एनसीसीच्या हवालदाराकडून उचललेला शब्द. कंपनीची माशी माझ्या डोळ्याला बारीक पडायची, म्हणून त्याने पोलादाचा तुकडा आणून ती घरी घडवली. घासायची, बसवायची, मला नेम धरायला लावायचे, 'मागच्या खाचेत दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसतो का गं?' असे विचारायचे, आणि पुन्हा काढून घासायची. सगळा हिवाळा यात गेला. मी वैतागले होते. पण माझ्या डोळ्याचे माप घेऊन केलेली अशी दुसरी वस्तू माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी मोतीबिंदूमुळे ती माशी दिसेनाशी झाली. पर्थच्या डॉक्टरांनी विचारले, नव्या लेन्सने लांबचे स्पष्ट दिसायला हवे की वाचायचे? मी उजवा हात सरळ पुढे करून दाखवला आणि म्हटले, इथले. असे कोणी मागत नाही, असे ते म्हणाले. नेम धरताना माशी स्पष्ट दिसावी लागते, पलीकडचे टार्गेट धूसर असले तरी चालते. थोडक्यात, मी त्या माशीसाठी डोळा करून घेतला.

ऑपरेशननंतर मिहिरशी फोनवर जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देते.

'हाउज द आय, आई?'

'लख्ख दिसतंय रे. फक्त मधेच माशी येते. वैताग आलाय त्या माशीचा. घालवायला हवी.'

'नो वरीज. आय विल सॉर्ट इट. माशी गेली समज.'

मी बोलत होते ते डोळ्यात तरंगणाऱ्या काळ्या ठिपक्याबद्दल. पोरगा धीर देतो आहे असे वाटून मला बरे वाटले. या गावात माश्यांमुळे बाहेर तोंड उघडायची सोय नाही, पण इथे वाढलेला माझा मुलगा त्यांना फ्लाइज म्हणतो. त्याच्या मराठीत माशी एकच, बापाने शिकवलेली.

मी पर्थहून परतायच्या आत तो पिस्तूल घेऊन गनस्मिथकडे गेला. बरोबर विश्रामचा मित्र मुरलीधर होता. नंतरच्या रविवारी क्लबात मिहिरने पेटी उघडली.

'सरप्राइज. ट्राय इट, आई.'

पिस्तुलाचा वरचा भाग मशीनवर सपाट खरवडला होता. मागची खाच गेली होती आणि तिच्या जागी स्क्रूने काचेची चौकट बसवली होती. बटण दाबले की काचेत लाल ठिपका उगवतो. तो टार्गेटवर ठेवायचा आणि चाप ओढायचा, संपले.

'माशी कुठंय?' मी विचारले.

'काढली. यू टोल्ड मी टू.'

मी नेम धरला. ठिपक्याने नेम धरायचा तर नजर लांब लागते, आणि माझा डोळा आता हातभरच पाहतो. ठिपका फुटलेला, टार्गेट धुक्यात. त्यानंतर मी मिहिरला मराठीत जे बोलले ते मुरलीधरखेरीज तिथे कोणाला कळले नाही. लांबचा चष्मा लावला की त्याच ठिपक्याने माझ्या गोळ्या पूर्वीपेक्षा चांगल्या बसतात, हे मी नाकारत नाही. त्याने तर डोके जास्तच फिरते. खरवडलेले पोलाद परत येत नाही, असे गनस्मिथने स्वच्छ सांगितले आहे.

सावनी म्हणते, 'इट वॉज अ मिसअंडरस्टँडिंग, आई. त्याने प्रेमानेच केलं ना?' प्रेमाने केले म्हणून मला पुन्हा ओरडता येत नाही. तो दर रविवारी येतो, गवत कापतो, चहा पितो, मान खाली घालून जातो. 'मी विचारायला हवं होतं,' असे तो म्हणतो. हो, विचारायलाच हवे होते. एक फोन, एवढेच.

तरी हे पिस्तूल, परवान्याच्या कायद्यास धरून, लाल ठिपक्यासकट मिहिरलाच मिळावे. आणखी काही वर्षांत त्यालाही हातभर अंतरावरचे धूसर दिसू लागेल आणि ठिपका कामी येईल. तो कामी येणार, याचाही मला राग आहे.

५. मुरलीधर यांना स्वयंपाकघराच्या खणात उरलेले ठिपक्याचे बटण सेल द्यावेत. 'वहिनी, हल्ली सगळे डॉटच लावतात,' असे ते मला म्हणाले होते. विश्रामसमोर म्हणाले असते तर पाहिले असते.

६. वकील या कागदाचे इंग्रजी करतील. त्यात माशी हा शब्द माशी असाच ठेवावा. त्यांनी पहिल्या खेपेला फ्लाय लिहिले होते. एकदा झाला तेवढा घोळ पुरे.

७. माशी मिहिरने फेकली नव्हती. औषधाच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवली होती, एवढे त्याला सुचले. ती आता माझ्याकडे आहे. हात लांब करून धरली की विश्रामच्या कानशीचे ओरखडे एकेक दिसतात. ती मी कोणाला देत नाही. मी गेल्यावर माझ्या उजव्या मुठीत ती मिहिरने स्वतः ठेवावी, सावनीने नव्हे. ठेवताना त्याने मराठीत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावे, 'आई, माशी बसवली.'

हा कागद हातभर लांब धरून मी पुन्हा वाचला. अक्षर अन् अक्षर स्पष्ट दिसले. लिहिले ते मान्य आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: श्यामला वि. करंबेळकर

आमच्यासमोर सही झाली. बाई शुद्धीत होत्या आणि रागात होत्या.
साक्षीदार: हृषीकेश दाभाडकर
साक्षीदार: अंजू पेठकर

स्थळ: कालगुर्ली
दिनांक: ९ मार्च २०२५